वॉचमनकाकांची काठी आणि इमारतीचं डिजिटल जुळं: सोसायटीत सुरुवात कशी कराल

मुलुंड पूर्वेला आमची सात मजल्यांची, २८ घरांची सोसायटी. पालिकेचं पाणी आमच्याकडे पहाटे येतं. आमचे वॉचमनकाका त्या वेळी उठतात, खालच्या टाकीचं झाकण सरकवतात, आत बांबूची काठी सोडतात आणि ओल कुठवर चढली ते बघून मोटर कधी लावायची ते ठरवतात. काठीवर त्यांनी ब्लेडने खुणा केल्या आहेत. एका वर्षी ते गणपतीला गावी गेले. बदलीवर आलेल्या मुलाने रोजच्या वेळेला मोटर लावली. त्या दिवशी पाण्याला दाब नव्हता, टाकीतला फ्लोट, म्हणजे पाणी कमी झालं की मोटर थांबवणारा तरंगता स्विच, अडकून बसला होता. मोटर कोरडीच चालत राहिली, आधी सील गेलं, मग पंप जॅम झाला आणि मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळलं. ऐन सणात दोन दिवस टँकर मागवावा लागला.

मोटर नवी बसली, पण कमिटीच्या बैठकीत एक गोष्ट सगळ्यांनाच टोचली. इमारतीच्या पाण्याचं सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात आणि एका काठीवर होतं. ते सगळ्यांच्या हाती यावं म्हणून आम्ही जे केलं, त्याला हल्ली डिजिटल ट्विन म्हणतात. मोठे टॉवर, विमानतळ, मेट्रो यांच्यासाठी हा शब्द वापरतात. पण पद्धत तीच आहे आणि ती शिकायला पाण्याच्या टाकीसारखी दुसरी जागा नाही. तुम्ही कमिटीत नवे असाल, फॅसिलिटी मॅनेजमेंटमध्ये नुकते लागला असाल किंवा सिव्हिल-इलेक्ट्रिकल शिकत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी शब्द समजून घ्या

डिजिटल ट्विन म्हणजे खऱ्या वस्तूची संगणकातली जोडी. ती खऱ्या वस्तूकडून येणाऱ्या मोजमापांवर जगते आणि तिच्याकडे बघून खऱ्या वस्तूबद्दल निर्णय घेता येतो. ही कल्पना मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये कारखान्यातल्या उत्पादनांच्या संदर्भात मांडली. नाव रूढ होण्यामागे नासाचे जॉन व्हिकर्स आहेत. त्याआधीचं उदाहरण म्हणून १९७० चं अपोलो १३ नेहमी सांगितलं जातं. यानात बिघाड झाल्यावर जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये तशीच परिस्थिती उभी करून परतीचे उपाय आधी तिथे तपासले गेले.

मी स्वतः तीन पातळ्या धरतो. नुसतं ड्रॉइंग किंवा थ्रीडी मॉडेल असेल तर तो नकाशा. त्यावर सेन्सरचे आकडे येत राहिले तर ती सावली. आकड्यांवरून पुढचा अंदाज निघून मोटर, व्हॉल्व्ह किंवा माणसाचं काम बदलू लागलं, तर ते जुळं. बाजारात ट्विन म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा सावलीच असते. सावलीसुद्धा उपयोगी आहे, पण पैसे जुळ्याचे मोजू नका. पडद्यावर गोल फिरणारी रंगीत इमारत पाहून भुलू नका. आमच्या ट्विनमध्ये थ्रीडी चित्र नाही. दोन चौकोन, एक पंप आणि चार रेघा आहेत.

एकच प्रश्न निवडा

सेन्सर घ्यायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा: अमुक आकडा अमुक झाला, तर कोण, किती वेळात, काय करणार? हे वाक्य पूर्ण होत नसेल तर तो सेन्सर घेऊ नका. आमचं पहिलं वाक्य होतं, ‘खालच्या टाकीत ३० सेंटीमीटरपेक्षा कमी पाणी असेल तर मोटर लागणारच नाही आणि काकांना फोन जाईल.’ दुसरं, ‘रात्री कुणी पाणी वापरत नसताना वरची टाकी उतरत असेल, तर प्लंबर दुसऱ्या दिवशी येईल.’ वर्षभर आम्ही एवढ्यावरच होतो. हवेची गुणवत्ता, पार्किंग, दिवे हे विषय बैठकीत निघाले, ते मुद्दाम बाजूला ठेवले.

मग इमारत पायी फिरा

या पायरीला लोक कंटाळतात आणि काम इथेच फसतं. एक वही घ्या, वॉचमन आणि नेहमीचा प्लंबर यांना सोबत घ्या, आणि पालिकेच्या मीटरपासून गच्चीपर्यंत पाण्याच्या मागे मागे जा. प्रत्येक टाकी, पंप, व्हॉल्व्ह, स्टार्टर, डाउनटेक (वरच्या टाकीतून घरांकडे उतरणारा पाइप) यांना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक ऑइल पेंटने त्या वस्तूवर लिहा. नावं एकाच पद्धतीची ठेवा: ‘खाली-टाकी-१’, ‘गच्ची-व्हॉल्व्ह-३’. पुढे संगणकात हीच नावं जातील. एका ठिकाणी ‘वरची टाकी’ आणि दुसरीकडे ‘टेरेस टँक’ लिहिलं की सहा महिन्यांनी कुणालाच मेळ लागत नाही.

मंजूर नकाशावर विसंबू नका. आमच्या नकाशात तीन डाउनटेक होत्या, प्रत्यक्षात चार निघाल्या. चौथीचा व्हॉल्व्ह गच्चीवर तुळशीच्या कुंडीमागे होता. जुन्या इमारतींत अशा दुरुस्त्या पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या असतात. नव्या टॉवरमध्ये राहायला जात असाल तर ताबा घेतानाच बिल्डरकडे प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणेचं मॉडेल मागा, आणि ते आयएफसी या खुल्या स्वरूपात मागा. ते कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेलं नसतं. नंतर मागितलं तर मिळायला फार त्रास होतो.

टाकीची आतली मापं टेपने घ्या. आमची खालची टाकी ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद. म्हणजे पातळी एक सेंटीमीटर हलली की १५० लिटर. वरची ४ बाय अडीच, म्हणजे सेंटीमीटरला १०० लिटर. हे दोन आकडे आता आमच्या कमिटीत सगळ्यांना पाठ आहेत.

सेन्सर: कुठला, कुठे, कसा

पातळी मोजायला दोन रस्ते आहेत. अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीच्या वरच्या बाजूला बसतो, आवाजाची लहर सोडतो आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाण्यापर्यंतचं अंतर काढतो. स्वस्त आणि बसवायला सोपा. पण अगदी जवळचं त्याला दिसत नाही; स्वस्त प्रकारांत पहिले वीसेक सेंटीमीटर आंधळे असतात, म्हणून भरलेल्या टाकीच्या पातळीपेक्षा तो तेवढा वर हवा. बंद टाकीत त्याच्या तोंडावर वाफेचे थेंब जमतात आणि आकडे उड्या मारू लागतात. पाणी पडतं त्या धारेजवळ लावलात तर तो धारेलाच पाणी समजतो.

दुसरा रस्ता म्हणजे दाबाचा सेन्सर. तो तळाशी सोडायचा. एक मीटर पाण्याला सुमारे ९.८ किलोपास्कल दाब, एवढंच त्याचं गणित. महाग पडतो, पण खालच्या टाकीसाठी मी तोच सुचवेन. तो ४ ते २० मिलिअँपिअर या प्रकारचा घ्या. टाकी रिकामी असली तरी तो ४ दाखवतो, भरली की २०. शून्य आलं तर टाकी रिकामी नाही, तार तुटली आहे. ‘पाणी संपलं’ आणि ‘सेन्सर मेला’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणं ही या जुन्या औद्योगिक पद्धतीची खरी किंमत आहे.

मोटरसाठी करंट मोजणारी क्लॅम्प कॉइल. तारेभोवती मिठी मारल्यासारखी बसते, तार कापावी लागत नाही. मोटर कोरडी चालली की करंट नेहमीपेक्षा उतरतो, पंप अडकला की चढतो. पॅनेलच्या आतलं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. लिफ्टच्या कंट्रोलरला तर हात लावायचाच नाही. लिफ्टचा मेंटेनन्स ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी लेखी बोलल्याशिवाय तिथे काहीही जोडू नका.

आता मुंबईची गोष्ट. इथली हवा खारट आणि पावसाळा चार महिन्यांचा. सेन्सरचा डबा आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, घेतला तरी तार आत जाते त्या भोकाला ग्लँड (तारेभोवती घट्ट बसणारं बूच) नसेल तर पहिल्याच जुलैत आत पाणी जमतं. तार डब्यात वरून नाही, खालून घ्या, आणि घेण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतो. आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि मे अखेरीस बदला.

आकडे घरापर्यंत आणणं

खालची टाकी आरसीसीच्या पोटात असते, तिथे वायफाय पोहोचत नाही. अंतर थोडं असेल तर तार ओढा. तारेसारखं भरवशाचं काही नाही. गच्ची ते तळमजला अशा अंतरासाठी लोरा हा रेडिओ चांगला. आपल्याकडे त्यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा परवानामुक्त पट्टा आहे. बॅटरीवर तो दीर्घकाळ चालतो. निरोप पाठवायला एमक्यूटीटी नावाची पद्धत सर्रास वापरतात. ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवरून सॅटेलाइटमार्फत आकडे आणण्यासाठी तयार झाली, म्हणून कमकुवत नेटवर्कवरही तग धरते. आकडे साठवायला आणि आलेख काढायला इन्फ्लक्सडीबी, ग्राफाना, होम असिस्टंट अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत. सोसायटीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला किंवा मुलाला ईएसपी३२ चा बोर्ड (सेन्सर जोडता येणारा छोटा, स्वस्त संगणक) हातात दिलात तर पंधरा दिवसांत पहिला आलेख दिसू लागेल.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. राउटरला छोटा यूपीएस लावा. आणि जुना फ्लोट स्विच काढू नका. संगणक बंद पडला, इंटरनेट गेलं, तरी मोटर आपली आपण थांबली पाहिजे. आमचा फ्लोट बदलून नवा बसवला, तो आजही शेवटची राखण करतो.

सावलीचं जुळं कसं होतं

इथे थोडा वेळ थांबा, कारण सगळा अर्थ इथे आहे. टाकीत किती पाणी आहे हे काठीसुद्धा सांगत होती. काठीला सांगता येत नव्हतं ते म्हणजे, टाकीत किती पाणी *असायला हवं होतं*.

पालिकेचं पाणी बंद असतानाची वेळ धरली. दहा मिनिटं मोटर चालवली. खालची टाकी २० सेंटीमीटर उतरली, म्हणजे ३००० लिटर गेले, म्हणजे पंप मिनिटाला ३०० लिटर उचलतो. हा झाला पंपाचा स्वभाव. आता रोज मोटर किती मिनिटं चालली ते करंटवरून कळतं, त्यावरून किती पाणी वर जायला हवं ते निघतं, आणि खालची टाकी खरोखर किती उतरली ते सेन्सर सांगतो. अपेक्षा आणि वास्तव यांतला फरक रोज एका रेघेवर मांडायचा. सगळं ठीक असताना ही रेघ शून्याच्या आसपास डुलते.

आठ महिन्यांनी ती एका बाजूला सरकू लागली. दहा मिनिटांत २० ऐवजी १७ सेंटीमीटर. मिनिटाला ३०० चे २५५ लिटर झाले होते. पाणी वर पोहोचत होतं, कुणाची तक्रार नव्हती, फक्त मोटर रोज दहाएक मिनिटं जास्त चालत होती. प्लंबरने फूट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतून पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाचा जाळीदार व्हॉल्व्ह, काढला तर जाळीत गाळ आणि प्लास्टिकचा तुकडा. साफ केल्यावर रेघ जागेवर आली. बिघाड व्हायच्या आधी तो दिसला, हे आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा घडलं.

रात्रीच्या गळतीचं गणित याहून सोपं. दीड ते साडेचार या तीन तासांत बहुतेक घरं झोपलेली असतात आणि मोटर बंद असते. आमची वरची टाकी त्या वेळात रोज ६ सेंटीमीटर उतरत होती. ६०० लिटर. तासाला २००, म्हणजे दिवसाला ४८०० लिटर. २८ घरांचा वापर घरटी सरासरी साडेचार माणसं आणि माणशी १३५ लिटर या नेहमीच्या मापाने धरला तर दिवसाला सतरा हजारांच्या आसपास जातो. त्याच्या पाव हिश्श्याहून जास्त पाणी कुणाच्याही उपयोगी न पडता वाहत होतं.

शोधायचं कसं? नोटीस लावून चार रात्री एकेक डाउनटेक बंद ठेवली. दुसऱ्या आणि चौथ्या रात्री उतार एकदम कमी झाला. मग त्या दोन लाइनींवरच्या घरांत फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकायला सांगितला. फ्लश न करता वीस मिनिटांत भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला. चार घरांत तो उतरला. शिवाय एक घर बंद होतं, मालक पुण्याला. त्यांच्या परवानगीने कुलूप उघडलं तर बाथरूमचा नळ बारीक वाहत होता. वॉशर बदलले. आता रात्रीचा उतार एका सेंटीमीटरवर आहे. ज्या शहराला तानसा, भातसा, वैतरणेसारख्या धरणांतून एवढ्या लांबून पाणी आणावं लागतं, तिथे हे पाणी वाचणं मला फार मोलाचं वाटतं.

सूचना कुणाला

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकू नका. सगळ्यांना कळलं की कुणीच उठत नाही. मोटरची सूचना काकांना, पंधरा मिनिटांत काही झालं नाही तर सेक्रेटरींना, गळतीची फक्त सकाळी नऊला. आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त सूचना येत असतील तर मर्यादा चुकीची ठरवली आहे असं समजून बदला. आणि आकडा *न येणं* हीसुद्धा सूचना हवी. शेवटचा आकडा दोन तासांपूर्वीचा असेल तर पडद्यावर तो लाल दिसला पाहिजे. नाहीतर अडकलेल्या आकड्याकडे पाहून माणूस निर्धास्त राहतो.

भिंती, स्लॅब आणि पूल

पाण्यानंतर लोकांना लगेच तड्यांवर सेन्सर लावावेसे वाटतात. इथे सावध राहा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. ३० वर्षांवरच्या इमारतींसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियमातलं कलम ३५३ब आहेच. सेन्सर ऑडिटची जागा घेत नाही. हातोडीचा रिबाउंड, अल्ट्रासॉनिक पल्स, सळईच्या गंजासाठी हाफ सेल, या चाचण्या तज्ज्ञानेच करायच्या. सेन्सर दोन ऑडिटच्या मधला काळ सांभाळतो.

तड्यावर त्याची रुंदी मोजणारं क्रॅक गेज लावलंत तर शेजारी तापमानाचा सेन्सर हवाच. दहा मीटर काँक्रीट दहा अंशांनी तापलं की साधारण एक मिलिमीटर पसरतं, त्यामुळे तडा दिवसा-रात्री श्वास घेतल्यासारखा उघडमिट करतो. किमान एक पूर्ण वर्षाचे आकडे हातात आल्याशिवाय तडा वाढतोय असा निष्कर्ष काढू नका. आकडे उन्हाबरोबर खालीवर होत मूळ जागी येत असतील तर ठीक; दर ऋतूला थोडे पुढेच राहत असतील तर इंजिनिअरला बोलवा. मात्र प्लास्टर पडलं, सळई दिसली, तर वर्षभर थांबायचं नसतं, त्याच दिवशी बोलवायचं.

पुलांनाही हाच न्याय. ताण मोजणारे स्ट्रेन गेज, कंपन मोजणारे सेन्सर आणि झुकाव मोजणारे सेन्सर तिथे लावतात, आणि रहदारी व तापमान वजा करून उरलेला बदल बघतात. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला, १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल. या शहरात पुलांच्या तब्येतीवर सतत नजर असणं ही चैन नाही.

तळघरात पार्किंग किंवा पंपरूम असेल तर पावसाळ्याचं वेगळं वाक्य लिहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाची पंपरूम आठवणारे लोक प्रत्येक सोसायटीत आहेत. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात जात नाही. म्हणून संपच्या (तळघरातलं पाणी जमण्याच्या खड्ड्याच्या) पातळीबरोबर भरतीचं वेळापत्रक त्याच आलेखावर ठेवा. शहराच्या पातळीवर हेच काम करायला जून २०२० मध्ये आयफ्लोज-मुंबई ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती, नाले यांचा मेळ घालून कुठे पाणी तुंबेल याचा ती अंदाज देते. तुमच्या संपचा सेन्सर त्याच विचाराचा छोटा भाऊ आहे.

कागद आणि कुलपं

सर्वसाधारण सभेत ठराव घ्या: कुठले आकडे गोळा होतील, कोण बघेल, किती दिवस ठेवले जातील. घरोघरी पाण्याचे मीटर लावणार असाल तर लक्षात ठेवा, कोण घरी आहे आणि कोण गावाला गेलंय हे त्या आकड्यांवरून कळतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून घ्या, आणि तेवढे आकडे फक्त त्या घराला दिसतील अशी सोय करा. बाहेरच्या कंपनीला काम दिलंत तर करारात लिहून घ्या की आकडे सोसायटीचे आहेत आणि करार संपताना ते साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये परत मिळतील. कंपनीने बसवून दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वायरिंगचा आराखडा, पासवर्ड, वस्तूंची यादी, सगळं एका फाइलमध्ये ठेवून सोसायटीच्या कपाटात बंद करा. कमिटी बदलते, फाइल राहते.

रविवारचं काम

सेन्सर हळूहळू चुकू लागतात, कुरकुर न करता. म्हणून आमच्याकडे दर रविवारी सकाळी काका टाकीचं झाकण सरकवतात, काठी सोडतात आणि आकडा पॅनेलशेजारी टांगलेल्या वहीत लिहितात. शेजारच्या रकान्यात सेन्सरचा आकडा. दोन सेंटीमीटरपर्यंत फरक असला तर चालतं, त्याहून जास्त आला तर सेन्सर उतरवून पुसतात. काठीवरच्या जुन्या खुणांच्या बाजूला आता आम्ही सेंटीमीटरचे आकडे कोरून घेतले आहेत.